‘खाण तशी माती’ मोजायची कशी? घर, शिक्षण आणि तरुणांची पुढची वाट

मोजपट्टी

२५ ते ३४ वयोगटातल्या साधारण ६०० जणांच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली तयार होते आहे. आईवडिलांची परिस्थिती आणि स्वतःचं शिक्षण यांतलं काय पुढच्या आयुष्यात किती उतरतं, ते पाहायचं आहे. पुढचं आयुष्य म्हणजे कामाचा दर्जा, कमाई आणि ओळखीपाळखीचं वर्तुळ.

गाडी तीन ठिकाणी अडली आहे.

१) घरची परिस्थिती एकाच आकड्यात बसवायची, की शिक्षण, व्यवसाय, पैसा असे कप्पे वेगळे ठेवायचे?

२) चाचणीच्या विद्यात (डेटात) रिग्रेशन, म्हणजे एकेका घटकाचा वेगळा वाटा (गुणक) काढणारं गणित, चालवून पाहिलं. शिक्षण घातलं की वडिलांच्या व्यवसायाचा गुणक निम्म्याखाली येतो. त्यावरून ‘शिक्षणाने घर पुसलं’ असं लिहिता येईल का?

३) उत्पन्न एकदाच विचारून भागेल का?

तात्त्विक चर्चा नको. काय विचारायचं, कसं विचारायचं आणि फसगत कुठे होते, एवढंच हवं आहे.

---

ओळंबा

दुसरा प्रश्न आधी घेतो, बहुतेक अहवाल तिथेच आपटतात.

गुणक खाली आला म्हणून घराचा परिणाम गेला असं होत नाही. विहिरीचं पाणी पाटातून शेतात जातं. पाट हिशेबात धरल्यावर विहिरीच्या नावावर कमी पाणी उरलं, म्हणून विहीर आटली असं कोणी म्हणत नाही. शिक्षण हा इथे पाट आहे. तुमच्या समीकरणात घराच्या नावापुढे जे उरलं, तो फक्त पाट सोडून झिरपलेला भाग.

प्रत्यक्ष आकडे घेऊ. पीटर ब्लाउ आणि ओटिस डडली डंकन यांनी अमेरिकेतल्या सुमारे २०,००० पुरुषांच्या १९६२ च्या माहितीवरून १९६७ मध्ये कशाचा परिणाम कुठे जातो याचा एक नकाशा मांडला. त्यातले प्रमाणित (सगळी मापं एकाच पट्टीवर आणून काढलेले) गुणक असे:

वडिलांचा व्यवसाय → मुलाचं शिक्षण : ०.२७९
वडिलांचा व्यवसाय → पहिली नोकरी : ०.२२४
वडिलांचा व्यवसाय → १९६२ मधलं काम (थेट) : ०.११५
शिक्षण → पहिली नोकरी : ०.४४०
शिक्षण → १९६२ मधलं काम : ०.३९४
पहिली नोकरी → १९६२ मधलं काम : ०.२८१

वाटेवरच्या गुणकांचा गुणाकार करायचा आणि सगळ्या वाटांची बेरीज. शिक्षणातून थेट: ०.२७९ × ०.३९४ = ०.११०. शिक्षण आणि मग पहिली नोकरी: ०.२७९ × ०.४४० × ०.२८१ = ०.०३४. शिक्षणाला वळसा घालून पहिल्या नोकरीतून: ०.२२४ × ०.२८१ = ०.०६३. थेट ०.११५. एकूण ०.३२२.

म्हणजे वडिलांच्या व्यवसायाचा जेवढा परिणाम आहे, त्यातला सुमारे ४५ टक्के शिक्षणामार्गे आला, ५५ टक्के शिक्षणाला न शिवता. तुमच्या अहवालात हे कोष्टक द्या. ‘पुसलं’ हा शब्द काढून टाका.

एक सावधगिरी. याच नकाशात वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय मिळून मुलाच्या शिक्षणातल्या फरकांचा साधारण २६ टक्के भाग उलगडतो. उरलेले ७४ टक्के म्हणजे ‘मुलाची मेहनत’ असं वाचण्याचा मोह होतो. त्या ७४ टक्क्यांत आई आहे (नकाशात ती नव्हतीच), भावंडं, शाळा, आजारपण, नशीब आणि मोजण्यातल्या चुका, सगळं एकत्र आहे. न उलगडलेल्या भागाला गुणवत्तेचं नाव द्यायचं नाही.

---

सांधेजोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कप्पे वेगळे ठेवा. एकत्र नंतर कधीही करता येतील, एकत्र विचारलेलं नंतर सुटं करता येत नाही. आणि प्रत्येक कप्प्याचं काम वेगळं आहे. आईवडिलांचं शिक्षण मुख्यतः मार्कांवर चालतं, पैसा धोका पत्करण्याच्या ताकदीवर, व्यवसाय ओळखींवर. निर्देशांक केला की ही तिन्ही कामं एका आकड्यात विरघळतात आणि ‘घर महत्त्वाचं’ याच्या पलीकडे काही सांगता येत नाही.

आता प्रश्न कसे विचारायचे.

व्यवसाय. ‘वडील काय करायचे?’ असं मोघम विचारू नका. ‘तुम्ही १४ वर्षांचे असताना’ असं वय बांधा. वय बांधलं नाही तर कोणी निवृत्तीच्या वेळचं पद सांगतो, कोणी पहिलं काम. मग तीन उपप्रश्न: पदाचं नाव काय, रोज प्रत्यक्ष काय काम करायचे, स्वतःचं की पगारी आणि हाताखाली किती माणसं होती. हे तीन नसतील तर ‘धंदा’ या एका शब्दात फेरीवाला आणि घाऊक व्यापारी शेजारी बसतात, ‘सरकारी नोकरी’त शिपाई आणि सचिव. उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, मुलाखत घेणाऱ्याने जागेवर गटात टाकायचं नाही. नंतर इस्को-०८ (व्यवसायांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) च्या चार अंकी कोडमध्ये बसवा. त्यावरून आयसेई हा व्यवसायाच्या दर्जाचा आकडा तयार कोष्टकातून मिळतो.

आई. स्वतंत्र विचारा, नेहमी. स्वतःचं घर सांभाळणाऱ्या, बाहेर काम न करणाऱ्या आईला शून्य देऊ नका, तिचा गट वेगळा ठेवा. अंतिम विश्लेषणात दोघांपैकी वरचा दर्जा घ्यायची पद्धत रूढ आहे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत आईवडिलांपैकी वरचं शिक्षण, वरचा व्यवसाय आणि घरातल्या वस्तू या तीन अंगांवरून निर्देशांक काढतात. पण मूळ उत्तरं दोघांची सुटी जपून ठेवा.

शिक्षण. ‘किती वर्षं शिकलात’ हा प्रश्न दिसतो सोपा, पण नापास होऊन गेलेली वर्षंही त्यात मोजली जातात, आणि पदविका व पदवी एका मापात येतात. पूर्ण झालेली वरची पायरी विचारा, इसेड या आंतरराष्ट्रीय शैक्षणिक वर्गवारीच्या ० ते ८ पातळ्यांत बसवा. अर्धवट सुटलेलं वेगळ्या रकान्यात. पदवी असेल तर शाखा आणि संस्थेचा प्रकारही हवा. ते का, हे कोणीतरी पुढे सांगेलच.

पुस्तकं. घरातल्या पुस्तकांचा प्रश्न स्वस्त आणि उपयोगी आहे. पिसाचे प्रचलित गट ०–१०, ११–२५, २६–१००, १०१–२००, २०१–५०० आणि ५०० च्या वर असे होते. पाठ्यपुस्तकं आणि मासिकं धरू नयेत असं प्रश्नातच लिहा. यातही खोच आहे: अभ्यासात मागे असणारी मुलं घरातली पुस्तकं कमी सांगतात, म्हणजे कारणात परिणाम थोडा मिसळलेला असतो. त्यामुळे हा एकच निकष घेऊन बसू नका.

भावंडं किती, स्वतःचा क्रम कितवा आणि १४ व्या वर्षी घरात कोण कोण होतं, हे तीन छोटे प्रश्न विसरू नका.

---

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. शंका: काही सर्वेक्षणांत १४ असतं, काही ठिकाणी १५ किंवा १६. फरक पडतो?

---

सांधेजोड

फारसा नाही. एकदा ठरलं की बदलू नका, एवढंच. दुसऱ्या कुठल्या सर्वेक्षणाशी तुलना करायची असेल तर त्यांचं वय घ्या.

---

चिंचोळी_वाट

शिक्षण हा पाट आहे हे मान्य, पण तो सरळ नाही. जागोजागी फाटे आहेत आणि प्रत्येक फाट्यावर घर दोन वेगळ्या प्रकारे हात घालतं. रेमों बूदों यांनी १९७३ मध्ये हा फरक नीट मांडला. पहिला परिणाम: घरामुळे मार्क कमीजास्त पडतात. दुसरा परिणाम: मार्क सारखे असूनही पुढे जायचं की नाही हे घर ठरवतं. उपाय दोन्हींना वेगळे लागतात, म्हणून वेगळं मोजणं भाग आहे.

मोजायची रीत सांगते. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

समजा सुस्थित घरांतली ६० टक्के मुलं वरच्या मार्कांच्या गटात आहेत, तंगीतल्या घरांतली ३० टक्के. वरच्या गटातून पुढे जाण्याचं प्रमाण सुस्थितांत ९० टक्के, तंगीत ७०. खालच्या गटातून अनुक्रमे ५० आणि २०.

सुस्थित: ०.६ × ९० + ०.४ × ५० = ७४ टक्के पुढे गेले.
तंगी: ०.३ × ७० + ०.७ × २० = ३५ टक्के.
दरी ३९ अंकांची.

आता अदलाबदल करा. तंगीतल्यांचे मार्क तेच ठेवून निर्णय सुस्थितांसारखे घेतले असते तर? ०.३ × ९० + ०.७ × ५० = ६२. म्हणजे ३९ पैकी २७ अंक निर्णयाचे, १२ मार्कांचे. उलटीकडून करा: मार्क सुस्थितांचे, निर्णय तंगीतले. ०.६ × ७० + ०.४ × २० = ५०. आता मार्कांचे १५, निर्णयाचे २४. उत्तर थोडं बदललं, कारण दोन्ही परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत. दोन्ही आकडे छापा. सोयीचा एकच छापला जातो तेव्हा वाद सुरू होतात.

मर्यादा अशी की, पुढे जायचंच नाही हे आधीच ठरलेलं मूल मार्कांसाठी झटत नाही. त्यामुळे ‘मार्कांचा’ म्हणून दिसणाऱ्या हिश्शातही थोडा निर्णय लपलेला असतो. निर्णयाचा खरा वाटा या गणितापेक्षा जास्तच धरा.

निर्णय वेगळा का होतो? आकांक्षा नाहीत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. रिचर्ड ब्रीन आणि जॉन गोल्डथॉर्प यांनी १९९७ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण मला जास्त पटतं. प्रत्येक घर आईवडिलांच्या पायरीखाली घसरू नये एवढं आधी पाहतं. डॉक्टरच्या मुलीला ती पायरी राखायला लांबचं शिक्षण घ्यावंच लागतं. कारागिराच्या मुलीची पायरी छोट्या अभ्यासक्रमानेही राखली जाते, आणि लांबच्या वाटेवर नापास झाली तर वर्षं, पैसे दोन्ही बुडतात. हिशेब दोघींचा बरोबरच आहे, फक्त हरल्यावर काय जातं ते वेगळं आहे.

प्रश्नावलीसाठी: प्रत्येक फाट्यावर पाच रकाने ठेवा. पात्र होता का, अर्ज केला का, प्रवेश मिळाला का, गेलात का, पूर्ण केलं का. नुसतं ‘पदवी आहे/नाही’ विचारलं तर गळती नेमकी कुठल्या सांध्यात आहे ते कधीच कळत नाही.

---

उंबरठा

‘अर्ज केला का’ या रकान्याला माझं जोरदार अनुमोदन. अमेरिकेत कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जावर एक प्रयोग झाला, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. करविवरण भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना तिथल्या तिथे अर्ज भरून दिला, काहींना त्यांना किती मदत मिळू शकते एवढी माहिती दिली, काहींना काहीच नाही. अर्ज भरून दिलेल्या घरांतल्या बारावीच्या वयाच्या मुलांत कॉलेजला जाण्याचं प्रमाण सुमारे ८ अंकांनी वाढलं. नुसत्या माहितीने काही हललं नाही.

जिथे घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलं असतं, तिथे हे काम घरातलंच कोणीतरी गुपचूप करतं, म्हणून ते ‘पार्श्वभूमी’ म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. ‘अर्ज कोणी भरला?’ हा एक प्रश्न वाढवा: स्वतः, आईवडील, भावंडं, शिक्षक, पैसे देऊन दुसऱ्याकडून.

---

उलटतपासणी

सगळे ‘परिणाम, परिणाम’ म्हणत सुटलेत. ६०० जणांच्या एका वेळच्या सर्वेक्षणातून परिणाम सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. शिकलेल्या आईवडिलांची मुलं शिकतात, यात आईवडिलांच्या शिक्षणाचं कर्तृत्व किती आणि ज्या गुणांमुळे ते स्वतः शिकले त्या गुणांचं किती?

नॉर्वेत १९६० च्या दशकात सक्तीचं शिक्षण ७ वर्षांवरून ९ वर्षांवर नेलं, गावोगावी वेगवेगळ्या वर्षी. म्हणजे काही आईवडील केवळ नियमामुळे दोन वर्षं जास्त शिकले. त्यांची मुलं जास्त शिकली का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आई आणि मुलगा ही जोडी सोडली तर फारसा परिणाम सापडला नाही. दुसरीकडे स्वीडनमधल्या दत्तक मुलांच्या विद्यात (२००६) जन्मदात्यांचं शिक्षण आणि वाढवणाऱ्यांचं शिक्षण, दोन्हींचा ठसा मुलावर दिसला. तेव्हा ‘सगळं रक्तात’ म्हणणारेही अर्धेच बरोबर आणि ‘सगळं संस्कारात’ म्हणणारेही.

अहवालात ‘मुळे’ हा प्रत्यय जपून वापरा.

---

ओळंबा

उलटतपासणी यांच्याशी सहमत. नॉर्वेचा निष्कर्ष फक्त ७ वरून ९ वर गेलेल्यांचा आहे, एवढी पुस्ती जोडतो. आईवडील बारावीवरून पदवीवर गेले तर काय, हे त्यातून निघत नाही.

---

गावकुसाबाहेर

एवढं मोजून काय करणार? अमेरिकी शाळांवरच्या १९६६ च्या कोलमन अहवालाने सांगितलंच ना, की शाळेने काही फरक पडत नाही, सगळं घरावर आहे.

---

उलटतपासणी

त्या अहवालाचं हे सगळ्यात जास्त पसरलेलं चुकीचं वाचन आहे. जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या गुणांमधला फरक वाटून पाहिला. शाळा-शाळांमधल्या साधनसामग्रीच्या फरकाने गुणांतल्या फरकाचा थोडाच भाग उलगडला, घराने जास्त. पण फरक उलगडणं आणि परिणाम होणं या दोन गोष्टी आहेत. सगळ्या वाफ्यांना सारखंच पाणी दिलं तर पिकातल्या कमीजास्तपणाचं कारण पाणी निघणार नाही. म्हणून पाणी तोडून पाहा!

शिवाय सोबतचे विद्यार्थी कसे आहेत याचा संबंध त्याच अहवालात इमारती-प्रयोगशाळांपेक्षा ठळक निघाला होता. तोही शाळेचाच भाग.

---

चिंचोळी_वाट

आणि शाळेची रचना. फाटा कुठल्या वयात येतो हे घराच्या वजनावर थेट परिणाम करतं. फिनलंडने १९७२ ते १९७७ दरम्यान मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याचं वय ११ वरून १६ वर नेलं, तेही टप्प्याटप्प्याने एकेका भागात. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना करता आली: वडील आणि मुलगा यांच्या कमाईतली लवचीकता (वडिलांच्या कमाईतला फरक मुलाच्या कमाईत किती प्रमाणात उतरतो तो आकडा) ०.३० वरून ०.२३ वर आली. ११ व्या वर्षी निवड म्हणजे बरीचशी घराची निवड, १६ व्या वर्षी मुलाचा स्वतःचा आवाज थोडा तरी येतो.

---

पायरी_पायरीने

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून उत्पन्नाबद्दल.

एका वर्षाचं उत्पन्न घेतलं तर घराचा संबंध खोटा कमी दिसतो. एखाद्या वर्षी आजारपण, एखाद्या वर्षी बोनस. हा गोंधळ आईवडिलांच्या आकड्यात शिरला की गुणक शून्याकडे ओढला जातो. अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत वडील-मुलगा कमाईची लवचीकता ०.२ च्या आसपास मानत होते. गॅरी सोलन यांनी १९९२ मध्ये अनेक वर्षांची सरासरी घेतल्यावर ती ०.४ किंवा त्याहून वर निघाली. भाष्कर मझुमदर यांनी २००५ मध्ये त्याहून लांब सरासरी घेतली आणि आकडा ०.६ च्या जवळ गेला. देश तोच, मापच बदललं.

दुसरी फट वयाची, आणि ती तुमच्या नमुन्यात अगदी मधोमध आहे. २५ व्या वर्षी, लवकर कामाला लागलेल्याचा पगार सात वर्षं वाढलेला असतो आणि दीर्घ शिक्षण घेणारा नुकता सुरू झालेला असतो किंवा अजून शिकतच असतो. त्या वयात दोघे सारखे दिसतात, चाळिशीत नाहीत. त्यामुळे २५–२९ वयाच्या उत्पन्नावर निष्कर्ष काढलात तर घराचं वजन हमखास कमी भरेल. माझा सल्ला: या वयोगटात मुख्य मोजमाप व्यवसायाचा दर्जा ठेवा, उत्पन्न जोडीला. ३०–३४ चं विश्लेषण वेगळं करा.

आईवडिलांचं उत्पन्न मुलांना विचारूच नका. त्यांना ते ठाऊक नसतं आणि अंदाज आजच्या डोळ्यांनी करतात. त्याऐवजी १४ व्या वर्षीच्या ठोस गोष्टी: घर स्वतःचं की भाड्याचं, अभ्यासाला वेगळी जागा, शिक्षणासाठी कर्ज काढलं का, पैशांअभावी कोणाचं शिक्षण थांबलं का.

अशा हिशेबात उत्पन्नाचा लॉग (लॉगरिदम) घेतात, त्यात शून्य उत्पन्न बसत नाही. बरेच जण ते लोक गाळतात आणि नेमके बेकार तरुणच हिशेबातून जातात! क्रमवारी वापरा: प्रत्येकाला स्वतःच्या पिढीत शतमान (शंभरात कितवं स्थान) द्या. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिकेसाठी हाच गुणक ०.३४१ काढला. अर्थ असा की आईवडील क्रमवारीत १० स्थानं वर, तर मुलं सरासरी ३.४ स्थानं वर.

---

पाटीपेन्सिल

पदवी मिळाली की घर मागे पडतं, असंही कुठेतरी वाचलं होतं. फक्त पदवीधरांचाच नमुना घेतला तर?

---

ओळंबा

तो सापळा आहे.

मायकल हाउट यांनी १९८८ मध्ये दाखवलं की अमेरिकेत पदवीधरांमध्ये घर आणि व्यवसाय यांचा संबंध जवळजवळ उरत नाही. निष्कर्ष गाजला. पण हलाखीतून पदवीपर्यंत पोचलेले कोण असतात? वाटेत बरेच गळून उरलेले, बाकी बाबतींत सरस. सुस्थित घरांतून साधारण कुवतीचाही पोचतो. म्हणजे पदवीधरांच्या गटात तुम्ही तंगीतल्या सरसांची तुलना सुस्थितांतल्या सर्वसाधारणांशी करता आहात. दरी कमी दिसणारच. शियांग झोउ यांनी २०१९ मध्ये ही निवड हिशेबात धरल्यावर पदवीचा समतेचा चमत्कार बराचसा ओसरला.

शिवाय फ्लोरेन्सिया टॉर्चे यांनी २०११ मध्ये दाखवलं की पदवीच्या वर, पदव्युत्तर पातळीवर संबंध पुन्हा डोकं वर काढतो. कोणती संस्था, कोणती शाखा, कोणत्या उद्योगात नोकरी, या आडव्या फरकांतून घर परत येतं. सगळ्यांना पदवी मिळू लागली की सुस्थित घरं ‘कुठली पदवी’ याकडे वळतात. सांधेजोड यांनी शाखा आणि संस्थेचा प्रकार विचारायला सांगितलं ते याचसाठी.

थोडक्यात, नमुना पदवीधरांपुरता कापू नका. सगळे घ्या, मग शिक्षणाच्या पातळीनुसार वेगळं पाहा आणि निवडीचा इशारा तळटीपेत नाही, मजकुरात द्या.

---

सांधेजोड

इथेच ६०० चा प्रश्न येतो. घराचे ३ गट × शिक्षणाच्या ४ पातळ्या × स्त्री-पुरुष = २४ चौकटी. सरासरी २५ माणसं. २५ जणांत निम्मे ‘हो’ म्हणाले तर आकडा ५० अधिक-उणे जवळपास २० अंक. आणि तुम्हाला जी चौकट सगळ्यात जास्त हवी, तंगीतलं घर आणि उच्च शिक्षण, तीत सरासरीइतकीही माणसं भरणार नाहीत. एक तर गट कमी करा, नाहीतर त्या चौकटीतले मुद्दाम जास्त घ्या आणि विश्लेषणात भार लावून मूळ प्रमाणावर आणा. भार लावायला विसरलात तर एकूण सरासऱ्या सगळ्या चुकतील.

---

उंबरठा

ओळखींच्या वर्तुळाबद्दल.

‘नोकरी ओळखीने लागली का?’ असं विचारलं की माणूस दुखावतो आणि नाही म्हणतो. ‘या कामाची खबर पहिल्यांदा कुठून कळली?’ असं विचारा. पर्याय: जवळचे नातलग, मित्र, तोंडओळखीचे, शिक्षक किंवा संस्था, जाहिरात, स्वतः जाऊन विचारलं. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७३ चं म्हणणं प्रसिद्ध आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही असतंच, नवी खबर तोंडओळखीतून येते. पण तोंडओळखीची माणसं कुठल्या पदांवर आहेत यावर त्या खबरेची किंमत ठरते, आणि घर शिरतं ते तिथे.

ते मोजायला पदांची यादी वापरतात. वकील, परिचारिका, सुतार, बँक व्यवस्थापक, वाहनचालक, प्राध्यापक, पोलीस, लेखापाल… वरपासून खालपर्यंत १२–१५ पदं. प्रत्येकासाठी: ‘नावाने ओळखता, भेटलात तर बोलाल, असं कोणी आहे का?’ असेल तर नातलग की मित्र की ओळखीचा. यातून तीन आकडे निघतात: किती पदांपर्यंत पोच, सर्वांत वरचं पद कुठलं, वरच्या आणि खालच्यातलं अंतर किती. पाच मिनिटांत होतं. यादी नुसती वरच्या पदांची केली तर तंगीतल्या घरांची पोच शून्य दिसते; ती शून्य नसते, दुसऱ्या दिशेला असते.

२०२२ मध्ये चेट्टी आणि सहकाऱ्यांनी ७ कोटी २२ लाख अमेरिकी फेसबुक वापरकर्त्यांवरून दाखवलं की वेगवेगळ्या आर्थिक स्तरांत मैत्री कमी असण्याचं साधारण निम्मं कारण एकत्र न येणं हे आहे, निम्मं एकत्र येऊनही मैत्री न होणं. तेव्हा ‘कुठल्या संस्थेत होतात’ एवढ्याने भागत नाही. ‘तिथल्या किती जणांशी आज संपर्क आहे’ हेही विचारा.

---

गावकुसाबाहेर

आधीचं मागे घेतो. पण लहानपणीच सगळं ठरतं ना? गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात वगैरे.

---

उलटतपासणी

तो आकडा ४२ कुटुंबांवरून आला आहे, त्यातली सर्वांत गरीब गटातली फक्त ६. महिन्याला एक तास ध्वनिमुद्रण, आणि त्यावरून चार वर्षांचा हिशेब ताणलेला. पुढे जास्त मुलांवर दिवसभराची मुद्रणं झाली तेव्हा दरी दिसली, पण कितीतरी लहान. दिशा खरी असली तरी आकडा उचलू नये.

लहानपण महत्त्वाचं याचा चांगला पुरावा हवा तर पेरी बालवाडीचा प्रयोग पाहा: मिशिगनमधलं यिप्सिलँटी, १९६२ पासून, १२३ मुलं, त्यांतली ५८ प्रयोगात. रोज अडीच तास शाळा आणि आठवड्याला दीड तास शिक्षिकेची घरभेट. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरली, तरी शालेय शिक्षण पूर्ण करणं, कमाई आणि गुन्ह्यांपासून दूर राहणं यांत फरक टिकला. म्हणून चाचणीच्या गुणांवरच कार्यक्रम जोखला तर तो ‘फसला’ असंच दिसलं असतं.

आणि ‘सगळं ठरतं’ हेही नाही. अमेरिकेतल्या पाच शहरांत १९९४ पासून ४,६०० गरीब कुटुंबांना सोडतीने दुसऱ्या वस्तीत जायची संधी दिली. १३ वर्षांच्या आत असताना चांगल्या वस्तीत गेलेल्या मुलांची कमाई पंचविशीच्या सुमारास ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. १३ नंतर गेलेल्यांना फायदा नाही, उलट थोडा तोटाच. तुमच्या यादीत ‘१४ व्या वर्षी कुठल्या वस्तीत’ याबरोबर ‘तिथे कितव्या वर्षापासून’ हे टाका.

---

मोजपट्टी

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सर्वांचे आभार. बदल असे केले: निर्देशांक काढून टाकला, आई-वडील वेगळे, प्रत्येक फाट्यावर पाच रकाने, अर्ज कोणी भरला, खबर कुठून कळली, १४ पदांची यादी. उत्पन्नाला दुय्यम जागा. ‘पुसलं’ रद्द.

शेवटची अडचण. वडिलांच्या व्यवसायापुढे ‘माहीत नाही’ किंवा कोरी उत्तरं बरीच आहेत. गाळून टाकू?

---

सांधेजोड

गाळू नका. वडिलांचा व्यवसाय न सांगणारे कोणीही यादृच्छिक लोक नसतात. वडील वारलेले, सोडून गेलेले, काम सतत बदलणारे किंवा काम नसलेले, यांचं प्रमाण त्यात जास्त असतं. ते गाळले की नमुन्यातून सर्वांत अडचणीतली घरं जातात आणि घराचा परिणाम कमी दिसतो.

आधी कोरेपणाचं कारण विचारा: घरात नव्हते, हयात नव्हते, काम नव्हतं, खरंच आठवत नाही, सांगायचं नाही. हे पाच कोड वेगवेगळे. घरात नसतील तर ज्याच्या कमाईवर घर चालत होतं त्या माणसाचा व्यवसाय घ्या, मग ती आई असो, आजोबा की मोठा भाऊ, आणि ‘वडिलांऐवजी’ अशी खूण ठेवा. ‘काम नव्हतं’ हे उत्तर आहे, कोरी जागा नव्हे. उरलेल्या दोन प्रकारांसाठी आईचं शिक्षण, वस्ती, भावंडं यांवरून अनेकवार भरणी करा (कोऱ्या जागी वेगवेगळी संभाव्य उत्तरं भरून हिशेब पुन्हा पुन्हा करा), एकदाच सरासरी चिकटवून नाही. शेवटी भरणी करून आणि न करता, दोन्ही निकाल शेजारी ठेवा.

आणि व्यवसायांचं कोडिंग सुरू करण्यापूर्वी कुठलीही ५० उत्तरं दोन जणांकडून एकमेकांना न दाखवता कोड करून घ्या. जिथे जुळणार नाहीत तिथे बहुतेक वेळा ‘रोज प्रत्यक्ष काय काम’ हा रकाना कोरा सापडेल. तो भरून घ्यायला मुलाखतकारांना परत पाठवता येईल, अशा वेळेतच हे करा.